जे फिरते त्याला तेल

मिठबावच्या हौसाबाईंचा राग मी प्रथम पाहिला तो एका लोखंडी पाटीच्या निमित्ताने. हमरस्त्यावरच्या एका गॅरेजसमोर त्यांची टॅक्सी उभी होती, आणि टॅक्सीखाली पाठीवर निजून त्यांचा ड्रायव्हर लवू मागच्या कमानीच्या पाट्या बोटाने चाचपीत होता. कमान म्हणजे चाकावर एकीवर एक रचलेल्या त्या वाकड्या पोलादी पाट्या. मोटारीचा सारा भार त्यांच्यावर पेललेला असतो. त्यांतली एक तडकली आहे असे सांगून गॅरेजच्या दत्ताराम फिटरने ती बदलली होती. निदान बदलल्याचा मोबदला तरी घेतला होता. मोटार त्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी बाईंनी त्या पाटीवर छिन्नीने एक फुली मारून ठेवली होती, हे त्याला ठाऊक नव्हते.

“दिसता काय रे?” बाईंनी विचारले.

“दिसता गो वयनी. फुली आसा,” खालून लवूचा आवाज आला.

“नीट बघ. मागे कोण म्हणूक नको, बायलमाणसान उगाच आळ घातल्यान.”

“बोट फिरवलंय. आपलीच फुली ती.”

दत्ताराम हात पुसत म्हणाला, “अशी फुली खंयच्याय पाटयेर असता, वयनी. कंपनीची मार्क ती.”

“कंपनीची?” बाई म्हणाल्या. “मगे कंपनीन माझ्या खोपीतली छिन्नी मागून नेलेली काय? माका खबर नाय ती.”

भोवतीची गिऱ्हाइके हसली. दत्तारामही हसला, आणि तेच मला असह्य वाटले. पकडल्या गेलेल्या माणसाने निदान मान खाली घालावी, एवढी अपेक्षा आपण चोराकडूनही करतो. हा मात्र पान चघळीत उभा होता, कारण दोन तालुक्यांत मोटार दुरुस्त करणारे दुसरे गॅरेज नव्हते. बाई आज बोलतील, शिव्या देतील, आणि पुढल्या वर्षी पासिंगच्या तोंडावर पुन्हा त्याच्याच दारात येतील, हे तो जाणून होता.

भाड्याच्या मोटारी रस्त्यावर चालण्याजोग्या आहेत की नाहीत, याची सरकारी तपासणी दरसाल होत असे. तिलाच आमचा सारा मुलुख पासिंग म्हणे. तपासणीचे अधिकारी ठरलेल्या दिवशी कणकवलीच्या माळावर येऊन बसत, आणि गावोगावच्या टॅक्सी, खटारे नटूनथटून त्यांच्यापुढे रांग लावीत. त्या आधीचे काही आठवडे म्हणजे दत्तारामसारख्यांचा सुगीचा काळ. नापास होण्याचे भय ज्याच्या पोटात आहे त्याला काय वाटेल ते विकता येते. हे बदलले नाही तर साहेब पास करणार नाही, एवढे वाक्य त्यांना पुरत असे. त्या वाक्यात खरे किती आणि पोटभरूपणा किती, हे ओळखावे कसे? मोटारमालकांपैकी बहुतेक जण ओळखण्याच्या फंदात पडत नसत. मान हलवून मोकळे होत. हौसाबाई पडत.

क्रोध हा षड्रिपूंपैकी एक, असे आपण लहानपणापासून घोकत आलो. परंतु आपल्याच पूर्वजांनी मन्यूला देवता मानून त्याला आवाहनही केले आहे. आणि मन्यू म्हणजे अन्यायासमोर ताठ उभा राहणारा कोप. हौसाबाईंच्या ठिकाणी हे दोघेही एकाच चुलीवर नांदत. कोणता केव्हा उतू जाईल, याचा भरवसा खुद्द बाईंनाही नसे. मला ज्या वर्षाची हकीकत सांगायची आहे त्या वर्षी दोन्ही उतू गेले. माझा स्वतःचा संताप तर अजून निवालेला नाही. तो बाईंवर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बाईंचे यजमान भाई हे नामांकित तांडेल. नारळ, कौले आणि आंबा घेऊन त्यांचे गलबत मंगळूरपासून मुंबईपर्यंत जाई. पुढे लॉऱ्या आल्या. जो माल वाऱ्याच्या मर्जीने जात असे तो डांबराच्या वाटेने जाऊ लागला, आणि गलबत किनाऱ्यावर बसले. भाईही त्याच साली तापाने गेले. बाईंनी वर्षश्राद्ध होईतो वाट पाहिली, मग गलबत मोडीत काढले आणि आलेल्या पैशांतून एक जुनी विलायती मोटार घेतली. ज्याने आमचा धंदा बुडवला त्याच रस्त्याकडून मी वसूल करीन, असे त्या म्हणत. त्या काळी आमच्या किनाऱ्यावर टॅक्सीचे परमिट बाईमाणसाच्या नावावर असणे ही चेष्टेची गोष्ट होती. चेष्टा बाईंच्या समोर मात्र कोणी करीत नसे.

चेष्टेपेक्षा जिव्हारी लागणारी गोष्ट घरातच होती. बाईंचे दीर हरिश्चंद्र यांचे गावात वाणसामानाचे दुकान. गलबतात वडिलांचा पैसा होता, म्हणून मोटारीत आपलाही वाटा आहे, असे त्यांचे म्हणणे. भाऊबंद देवळाच्या सभामंडपात बसले. बोलणे वाढत गेले. अखेरीस हरिश्चंद्र म्हणाले, “मोटार सांभाळूचा काम बायलमाणसाचा न्हय. यंत्र तां. हयगय केलंस तर फुकट जातला.” तेव्हा बाईंनी, कोणी मागितला नसताना, देवासमोर शब्द दिला: ज्या वर्षी माझ्या हयगयीने मोटार पासिंगात नापास होईल त्या वर्षी ती तुमची, तोवर तिच्याकडे बोट दाखवायचे नाही. रागात दिलेला शब्द तो. पण देवाच्या दारात उच्चारलेल्या शब्दाला राग आणि शांती असा भेद नसतो, हे त्या जाणत होत्या. तेव्हापासून प्रत्येक पासिंग ही बाईंच्या लेखी मोटारीची नव्हे, स्वतःची परीक्षा झाली.

मोटार त्यांनी सांभाळली ती अगदी गलबतासारखी. लवू हा भाईंच्या गलबतावरचा खलाशी. मध्यंतरी मुंबईस एका शेटजीकडे राहून ड्रायव्हिंग शिकला होता. पावसाळ्यात ही दोघे मोटार झापांनी शाकारलेल्या मांगरात, म्हणजे खोपीत, नेत आणि माडाच्या ओंडक्यांवर चढवून ठेवीत, जशी किनाऱ्यावर होडी चढवितात. पाऊस सरला की तिच्या पोटाला मुशी माशाच्या काळजाचे तेल माखीत. खारा वारा लोखंड कसे खातो, हे दर्यावर्दी माणसाला सांगावे लागत नाही. दुसऱ्यांच्या मोटारींच्या तळाला जाळ्या पडत. बाईंच्या मोटारीचा तळ काळाभोर तुकतुकीत असे. उतारू नाकाला पदर लावीत, एवढेच. भाईंचे एक वचन बाई नेहमी सांगत: जे फिरते त्याला तेल, जे घासते त्याला तेल, मग दर्या काही करीत नाही. सुकाणूच्या बिजागऱ्या, शिडाच्या कप्प्या, रहाटाचा आस, सर्व काही त्या वचनाने वर्षानुवर्षे टिकलेले त्यांनी पाहिले होते.

फुलीच्या प्रकरणानंतरचे वर्ष उजाडले. १९५९ साल असावे. दिव्याची काच आणि भोंगा नवा घ्यावयाचा म्हणून बाईंना दत्तारामच्या दारी जावेच लागले. त्याने न विचारता मोटारीभोवती एक फेरी मारली आणि पाढा म्हणावा तसे म्हणून दाखविले: किंगपिन गेली, रेडिएटर गळतो, वरचा टप फाटला, रंग उडाला, आणि ब्रेक तर आतून गंजले.

“दर्याकाठची गाडी ही, वयनी. चाकाच्या आत सगळो गंज. ब्रेक बदलूक नाय तर सायब पास करूचो नाय.”

“चाक उघडल्याशिवाय तुका आतला दिसता?”

“अनुभव.”

“तुझो अनुभव माझ्या कमानीत आसा अजून,” असे म्हणून बाई काच आणि भोंगा घेऊन परतल्या.

गावच्या शाळेत मी मास्तर; त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या अंगणात गेलो होतो. पासिंगच्या दिवशी मला कणकवलीस भगिनीकडे जायचे होते, आणि बाईंच्या मोटारीत जागा मिळते का, ते पाहायचे होते. त्यांनी मला ओटीवर बसविले आणि स्वतः मोटारीपाशी उभ्या राहून दत्तारामच्या एकेका वाक्याचा निवाडा करू लागल्या. तो निवाडा पाहणे हे एखाद्या विद्वत्सभेत बसण्याइतके आनंददायी होते.

किंगपिन म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते तो खिळा. लवूने पुढचे चाक दोन्ही हातांनी धरून हिसडले. “हलता, पण नावापुरता. म्हाताऱ्याचो दात हलता तसो न्हय.”

“मगे रवांदे. रेडिएटर?”

“काल सांजवेळेक काठोकाठ भरून ठेवलेलंय. सकाळी तसोच भरलेलो.”

“मगे तो दत्त्याच गळता. टप?”

टप खरोखरच फाटला होता. बाईंनी शिडे शिवण्याचे दाभण आणि राळेने घोटलेला दोरा काढून ठेवलाच होता. तो त्यांनी स्वतः इतका सुबक शिवला की नव्या कापडाला लाज वाटावी. नंबराची पाटी रंगवायची, कारण साहेब ती वाचणार. बाकीचा रंग तसाच ठेवायचा, कारण साहेब रंगाला पास करीत नाही. इथवर प्रत्येक निर्णय अचूक होता. कोणते काम मोटार मागते, कोणते साहेब मागतो आणि कोणते फिटरचे पोट मागते, हे त्या सुपाने पाखडावे तसे वेगळे करीत होत्या.

मग लवूने मागचे चाक काढले आणि त्यावरचा लोखंडी डबा, ज्याला ते लोक ड्रम म्हणतात, तो उतरविला. त्याच्या आतल्या कडेला, जिथे ब्रेकचे अस्तर, म्हणजे लायनिंग, घासते तिथे, तांबूस छटा होती. बाई वाकून पाहू लागल्या.

“गंज आसा रे.”

“हो गंज न्हय गो वयनी. पावसात गाडी उभी रवली की असो तांबूसपणा येता. चार फावट ब्रेक मारलंय की जातलो. लायनिंग बघ कसा जाड आसा.”

“तांबडा तां गंज. माका शिकव नको.” बाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा बदलत गेलेला मी पाहिला. दत्ताराम यावेळी खरे बोलला असावा, ही शंका त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. “गंज आसा म्हणान त्या चोराक नवे ब्रेक घालूक देतलंय काय मी? गंजाक औषध आमच्या घरात आसा. तेल हाड.”

“ब्रेकात तेल?” लवू हातातला पाना घेऊन तसाच उभा राहिला. “वयनी, ब्रेकात तेल घालूचा नसता. तां धरूक होया. सुळसुळीत झाला तर धरतला कसा?”

“सुकाणूच्या बिजागरीक घालीत होतंस मां? ती सुळसुळीत होती म्हणान सुकाणू सुटला कधी?”

“सुकाणू वेगळा…”

“भाईंनी सांगितलेला तुका ऐकूक नाय? जां फिरता तेका तेल, जां घासता तेका तेल. ह्यां फिरता मां? घासता मां? आणि त्या दत्त्याचा बोलणा खरा आसा म्हणान सांगूक लागलंस तर तू पण जा, थयच पाने पूस.”

गलबतावर तांडेलाच्या आज्ञेला खलाशी उलट उत्तर देत नाही, आणि लवू अजून मनाने गलबतावरच होता. त्याने चारही चाके उघडली आणि बाईंच्या देखत आत तेल माखले. दर्यावर्दी माणसांखेरीज ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होणे शक्य नव्हते. ज्यांच्या जगात प्रत्येक घर्षण हा शत्रू, त्यांना घर्षणावरच जगणारी वस्तू कळणार कशी? पाण्यावर थांबायचे ते शिडे उतरवून, नांगर टाकून. चाक दाबून धरून थांबणे ही दर्याला अपरिचित अशी क्रिया आहे.

पासिंगच्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. पुढे लवू आणि बाई, मागे मी. गावातून बाहेर पडताच लवू म्हणाला, “वयनी, ब्रेक धरणा नाय.”

“तेल मुरूक नाय अजून. मुरात.”

शिरगावच्या अलीकडे रस्ता उताराला लागतो. तेथे पुढे एक बैलगाडी होती. लवूने पाय दाबला. मोटार जणू तिला कोणी काही सांगितलेच नाही अशी चालत राहिली. त्याने गियर खाली आणला, चाकांऐवजी मधल्या फिरत्या दांड्याला आवळणारा हाताचा ब्रेक ओढला, मोटार गडग्याला घासत, खडखडत गाडीच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. गाडीवान मागे वळून म्हणाला, “बैलांका वास इलो म्हणान ते बुजले. मोटारीत काय मासळी भरलास?”

बाई समोर पाहत होत्या. त्यांचे ओठ घट्ट मिटले होते. मागे फिरा, असे त्या म्हणतील म्हणून मी थांबलो. पण पासिंगची तारीख मागे फिरत नाही. लवूने पुढचा सारा रस्ता दुसऱ्या गियरमध्ये, बैलगाडीच्याच गतीने काढला.

कणकवलीच्या माळावर मोटारींची रांग होती. आपापल्या गिऱ्हाइकांच्या मोटारींसाठी दूरदूरच्या तालुक्यांतले गॅरेजवालेही हत्यारांच्या पेट्या घेऊन आले होते. दत्तारामही त्यांत होता. आणि हरिश्चंद्रही एस. टी.ने येऊन एका आंब्याखाली छत्री मिटून उभे होते. गेली सहा वर्षे ते दर पासिंगला असेच येत.

अधिकारी तरुण होते, परगावचे, बोलणे मोजके. दिवा पाहिला, भोंगा वाजवून घेतला, किंगपिन स्वतः हलवून पाहिली आणि मान डोलावली. टपावरची शिवण पाहून तर त्यांनी बोट फिरवून विचारले, “कोणी शिवले?” मग त्यांनी जमिनीवर चुन्याची रेघ दाखविली. मोटार वेगाने आणून रेघेवर ब्रेक दाबायचा.

मोटार रेघ ओलांडून गेली. लवू सीटवर जवळजवळ उभा राहून पाय दाबीत होता. ती जात राहिली आणि शेवटी हाताच्या ब्रेकावर करकरत जांभ्या चिऱ्यांच्या राशीपाशी थांबली. माळावर हशा पिकला.

“चाक उघडा,” अधिकारी म्हणाले.

दत्ताराम न बोलावता पेटी घेऊन पुढे आला. त्याने ड्रम उतरविला आणि माळभर मासळीबाजाराचा वास सुटला. अधिकाऱ्यांनी रुमाल नाकाला लावला, वाकून पाहिले, नखाने खरवडून पाहिले.

“लायनिंग उत्तम जाड आहे. आणखी दोन पावसाळे सहज गेले असते,” ते म्हणाले. “पण आता ते तेल प्यायले आहे, कितीही पुसले तरी धरणार नाही. बदलावेच लागेल. तोवर गाडी नापास. तेल कोणी घातले?”

दत्ताराम सावकाश उठला. “मी सांगलेलंय, वयनी,” तो म्हणाला. “ब्रेक बदलूक होये.”

माझा जो संताप अद्याप निवाला नाही तो या एका वाक्यावरचा. ब्रेक उत्तम होते. त्याने न पाहता, केवळ भय विकण्यासाठी, ते गेले असे सांगितले. त्या खोट्याने एका मानी बाईच्या मनात कोप पेटवला. त्या कोपाने चांगले ब्रेक नासवले. आणि आता ते खरोखरच बदलावे लागणार होते, म्हणून हा मनुष्य सत्यवादी ठरून उभा होता. लबाड माणूस एखादी पाटी चोरतो तेव्हा फार काही चोरत नाही. तो लोकांच्या मनातला विश्वास उपटून नेतो, आणि मग त्या रिकाम्या जागी शहाणी माणसेसुद्धा वाटेल ते पेरू लागतात. लवूचा खरा सल्ला बाईंनी झिडकारला तो लवूमुळे नव्हे. दत्तारामच्या खोट्याची सावली त्यावर पडली होती म्हणून. या पापाला कायद्यात कलम नाही. अधिकाऱ्यांना त्यात काही दिसण्याचे कारण नव्हते, त्यांनी पुन्हा विचारले, “तेल कोणी घातले?”

“मी, सायब,” लवू म्हणाला. “माझी चूक.”

“लायसन इकडे द्या. ब्रेकात तेल घालू नये एवढे ज्याला कळत नाही त्याच्या हाती उतारूंचे जीव देता येणार नाहीत.”

लवूने सदऱ्याच्या खिशातून लायसन काढले आणि पुढे केले. हरिश्चंद्र आंब्याखालून पुढे आले. “लवू, खरा सांग. कोणी घालूक सांगितल्यान?”

“कोणी नाय. माझ्याच मनान.”

शब्द होता तो बाईंच्या हयगयीचा. चूक ड्रायव्हरची असेल तर ड्रायव्हर जाईल आणि मोटार बाईंचीच राहील, हे त्या माळावर बाईंना, हरिश्चंद्रांना आणि मला कळत होते. लवूलाही कळत होते. म्हणूनच तो बोलला होता. तो बाईंकडे न पाहता हळूच म्हणाला, “गप रव, वयनी. मी खंयय होडयेर जायन. पोट भरात.”

बाई त्याच्याकडे वळल्या. इतका राग मी त्यांच्या डोळ्यांत त्या गॅरेजसमोरही पाहिला नव्हता.

“तुका कोणी इचारल्यान? माझा पाप खांद्यार घेऊक तू कोण रे? माझो बापूस?”

“वयनी…”

“तोंड बंद कर.” मग त्या अधिकाऱ्यांकडे वळल्या, डोक्यावरचा पदर सावरला, आणि कचेरीत बोलावे तशा शुद्ध, थोड्या अडखळत्या मराठीत म्हणाल्या, “साहेब, तेल मी घालायला लावलं. हा नको म्हणत होता. दोनदा म्हणाला. मी ऐकलं नाही. त्याचं लायसन परत द्या.”

अधिकाऱ्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि लायसन लवूच्या हातावर ठेवले. “दुपारपर्यंत नवे लायनिंग घालून आणा. पुन्हा पाहतो,” एवढे बोलून ते पुढच्या मोटारीकडे गेले.

बाईंनी मोटारीतून किल्ली काढली आणि हरिश्चंद्रांपुढे धरली.

“घेवा.”

सहा वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा भर उन्हात येईल, याची त्यांना कल्पना नसावी. ते म्हणाले, “हय नको, वयनी. घराकडे गेल्यार बघूया. दुपारी पास झाली तर…”

“देवळात शब्द दिलंय तो नापासाचो. दुपारी पास झाली म्हणान सकाळचा नापास पुसाक येयत नाय. घेवा म्हणतंय ना. फाल्या माझा मन फिरला तर? मी काय देव न्हय.”

त्यांनी किल्ली घेतली. दत्ताराम हे सारे पाहत होता. हत्यारांची पेटी उचलून तो नव्या मालकाकडे वळला. “भाऊ, चाकां खोललीच आसत, तर सगळाच करून टाकूया. किंगपिन, रेडिएटर. परत परत त्रास नको.”

बाईंचे तोंड उघडले. किंगपिन ठीक आहे अशी साहेबांनी घटकेपूर्वी मान डोलावली होती. रेडिएटर थेंबभरही गळत नव्हता. हे सारे त्यांच्या जिभेवर आलेले मला दिसले. मग त्यांनी ओठ मिटले. मोटार आता त्यांची नव्हती, आणि दुसऱ्याच्या मोटारीविषयी रागावण्याचा अधिकार त्या स्वतःच स्वतःला देत नव्हत्या.

“किंगपिन म्हणजे काय?” हरिश्चंद्रांनी विचारले. विचारताना त्यांची नजर दत्तारामकडे नव्हती, बाईंकडे होती.

“माका कित्याक इचारतास?” बाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून निघाल्या.

“साहेबान आताच हलवून बघितल्यान. बरी आसा ती,” लवू म्हणाला. पण लवू ड्रायव्हर, आणि दत्ताराम फिटर. हरिश्चंद्रांनी थोडा विचार केला, मान हलविली, आणि सर्वच काम करावयास सांगितले. मी मध्ये बोललो, दत्तारामची फुलीची हकीकतही सांगितली. ते नम्रपणे म्हणाले, “गुरुजी, तुमका मोटारीतला काय कळता?” आणि ते खरेच होते.

उन्हे कलली तेव्हा मोटार पास झाली. मी भगिनीच्या घरी जाऊन एस. टी.च्या थांब्यावर आलो, तो तेथे हौसाबाई उभ्या. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. गाडी यायला अवकाश होता.

मोटार आली ती सावकाश. लवूने ती थांब्यापाशी उभी केली आणि खिडकीतून म्हणाला, “बस गो वयनी.”

“धन्याक इचार.”

पुढच्या सीटवर बसलेले हरिश्चंद्र खाली उतरले. त्यांनी मागचे दार उघडून धरले. “बसा, वयनी. गुरुजी, तुमीय येवा.”

बाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग मागच्या सीटवर, कडेला, पाहुण्याच्या घरी बसावे तशा बसल्या. लवूने मोटार मिठबावच्या वाटेला लावली. नव्या लायनिंगचा जळका वास येत होता. शिरगावचा चढ संपला आणि पुढे उतार आला.

“दुसरो गियर घाल,” मागून बाई म्हणाल्या.

“ब्रेक नवे आसत, वयनी. धरतत आता.”

“नवे आसत तर? घातल्यान कोणी ते? दुसरो घाल म्हणतंय ना, मेल्या.”

लवूने आरशातून मागे पाहिले, मग बाजूला हरिश्चंद्रांकडे पाहिले. हरिश्चंद्र खिडकीबाहेर बघत होते. लवूने दुसरा गियर घातला.